यंत्रमागाच्या भंगारातून स्टीमपंक टीपॉय, आणि चाकं खरोखर फिरणारी

स्टीमपंक फर्निचर म्हणून नेटवर जे फोटो फिरतात ना, त्यातले निम्मे बघून माझी तर चिडचिड होते. प्लायवूडचं टेबल घ्यायचं, त्यावर घड्याळाचे चार गिअर ग्लूने चिकटवायचे, वरून सोनेरी स्प्रे मारायचा, झालं स्टीमपंक. गिअर कशाला फिरवत नाही, व्हॉल्व्ह कशाला उघडत नाही. ज्या काळाची ही नक्कल आहे त्या काळात एकही दाता फुकट पाडलेला नसायचा हो. म्हणून माझा एकच नियम आहे, लावलेला प्रत्येक पार्ट एक तर वजन उचलेल, नाहीतर फिरेल, नाहीतर कशाला तरी धरून ठेवेल. यातलं काहीच करत नसेल तर तो परत भंगारात.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१, सगळं वाफेवर चालायचं, बिडाची (कास्ट आयर्नची) चाकं, पितळी नळ्या, रिव्हेट ठोकलेले पत्रे, चामड्याचे पट्टे. तो काळ संपलाच नसता आणि पुढची यंत्रं पण वाफेवरच निघाली असती तर कशी दिसली असती, असा हा इंग्लंड-अमेरिकेतला कल्पनेचा खेळ आहे, आधी गोष्टींमध्ये आला, मग कपड्यांत आणि फर्निचरमध्ये. आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, आणि मुंबईचं वॉटसन हॉटेल तर १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतलेल्या बिडाच्या सांगाड्याचे तुकडे जहाजाने आणून इथे जोडलेलं आहे. म्हणजे अस्सल माल आपल्याच गल्लीबोळात पडलेला आहे, फक्त ओळखता आला पाहिजे.

या लेखात एकच वस्तू नीट करून दाखवतो, एक टीपॉय, वर काच, काचेखाली मागाची दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली, आणि खालून व्हॉल्व्हचं हँडव्हील बोटाने ढकललं की दोन्ही फिरतात. दिवा, हुक वगैरे शेवटी उरकतो.

माल कुठे बघायचा

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ ला बसवला, त्यानंतर गावच मागाचं झालं. आता जुने साधे माग जाऊन शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे माग येतायत आणि जुने किलोवर भंगारात जातात. भिवंडी, मालेगावलाही तेच. साध्या मागात क्रँकशाफ्टवर एक लहान चाक असतं आणि खालच्या टॅपेट शाफ्टवर बरोबर दुप्पट दात्यांचं मोठं, कारण वरचा शाफ्ट दोन फेरे मारतो तेव्हा खालचा एकच मारतो. ही जोडी आयतीच जुळलेली मिळते, म्हणून ती जोडीनेच उचला. एक चाक इकडचं आणि दुसरं तिकडचं घेतलं तर दाते जुळतील याची गॅरंटी नाही.

माग मिळत नसेल तर पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोरबाजार, मटण स्ट्रीट, पण तिथले लोक आता हुशार झालेत, डेकोरेशनचा माल कुठला आणि भंगार कुठलं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. कोल्हापूरला उद्यमनगरच्या आसपास बघा. तिथे एक गंमत आहे, कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, बिडाचं भंगार थेट भट्टीत जातं, त्यामुळे तुमची स्पर्धा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी नाही, भट्टीशी आहे. गाडी भरायच्या आधी पोचा. आणि भंगारवाल्याला 'घरात शोपीस करायचंय' असं चुकूनही सांगू नका, भाव तिथल्या तिथे वाढतो, 'जुन्या मागाला पार्ट पाहिजे' म्हणा.

रेल्वेचा माल, म्हणजे फिशप्लेट, स्प्रिंग, सिग्नलचे दिवे, दिसायला फार देखणा असतो पण तो लिलावातून सुटलेला आहे याचं बिल असेल तरच घ्या. रेल्वे मालमत्तेसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, माल कुठून आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं, नसती भानगड. आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घरात आणूच नका, बिल असलं तरी. त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं, उन्हाळ्यात वास सुटतो आणि ते अंगाला, श्वासाला चांगलं नाही.

चाक हातात आलं की आधी टांगून बघा. सुतळीत अडकवून लोंबकळतं ठेवायचं आणि पान्याने हलकेच टोला द्यायचा. ठणठणीत असेल तर घंटेसारखा आवाज घुमत राहतो, तडा असेल तर थप असा मेलेला आवाज येतो. शंका आली तर तेवढी जागा घासून साफ करा, डिझेल चोळा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर खडूची भुकटी पसरा. तड्यात गेलेलं डिझेल हळूहळू खडूत झिरपून वर येतं आणि काळपट बारीक रेघ उमटते. आऱ्याच्या मुळाशी आणि चावीच्या (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून घालतात त्या लोखंडी पट्टीच्या) खाच्याच्या कोपऱ्यात खास बघायचं, तिथेच तडे जास्त असतात.

पितळ घेताना लोहचुंबक खिशात असू द्या. चिकटला तर ते लोखंडावर पितळी मुलामा दिलेलं आहे. तरी लागलीच टाकून देऊ नका, मुलामा चांगला असेल तर लोखंडाच्या भावात मागा.

काय अजिबात घरी आणायचं नाही

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. अंधारात चमकणारे जुने मीटर किंवा विमान-जहाजाच्या डायल, त्यातल्या बऱ्याचशांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायचा, चमक विझली तरी रेडियम तिथेच असतं, काच उघडून आतला रंग खरवडायचा तर विचारही करू नका. पाऱ्याचे मीटर नकोत. बॉयलरच्या पाईपवरचं पांढरं-करडं लेपण आणि जुने गास्केट, ब्रेकलायनर, यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तेल भरलेले जुने ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर नकोत. आणि बंद टाकी, शॉकॲब्झॉर्बर, हायड्रॉलिक सिलिंडर, आग विझवायचे जुने डबे असलं काहीही गॅसच्या टॉर्चने तापवायचं नाही, फुटतं.

जुन्या मशीनचा मूळ रंग शिशाचा असायची शक्यता धरूनच चला. कोरडा घासायचा नाही, ओल्या पॉलिश पेपरने घासा किंवा रिमूव्हर लावून खरवडा, ते खरवडलेलं कागदात गुंडाळून वेगळं ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेरच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपला वेल्डिंग करायचं असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढला पाहिजे, नाहीतर त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. ब्रेकक्लीनर मारून लगेच वेल्डिंग हा प्रकार तर जिवावरचा आहे, क्लोरीनवालं क्लीनर तापलं की विषारी वायू होतो.

गंज काढणे

ग्राइंडरला तारेचा कप लावून सगळं चकचकीत करायचा मोह होतो, तो आवरा. त्याने ओतीव अक्षरं गुळगुळीत होतात आणि कास्टिंगची जी खरबरीत कातडी असते ती जाते, मग शंभर वर्षांचं चाक कालच ओतल्यासारखं दिसायला लागतं. कंपनीचं नाव, पार्ट नंबर, एखाद्या जुन्या फिटरने छन्नीने मारलेल्या खुणा, हे सगळं राहिलं पाहिजे.

सगळ्यात चांगलं म्हणजे बॅटरी चार्जरची पद्धत. प्लास्टिकचा ड्रम किंवा टब, त्यात पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. चाक तारेने टांगून पाण्यात सोडायचं आणि त्याला चार्जरची निगेटिव्ह, बाजूला एखादी भंगार लोखंडी सळई किंवा पट्टी उभी करून तिला पॉझिटिव्ह, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, मग १२ व्होल्ट चालू. चाकावरून बारीक बुडबुडे यायला लागले की काम सुरू झालं. रात्रभर ठेवलं तर सकाळी गंजाचा काळा चिखल होतो, नायलॉनच्या ब्रशने निघून जातो आणि खालचं बीड जसंच्या तसं राहतं. उलटी वायर लावली तर चाकच झिजेल, म्हणून दोनदा बघा. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद. पितळ आणि ॲल्युमिनियम या टबात टाकायचं नाही, ॲल्युमिनियम तर सोड्याने खाल्लं जातं.

बाहेर काढल्यावर धुवा आणि लगेच वाळवा, पार ऊन दाखवून किंवा हीटगनने, कारण उघडं पडलेलं बीड तासाभरात परत तांबूस व्हायला लागतं.

अडकलेले नट-बोल्ट खोलताना जोर लावू नका, डिझेलमध्ये दोन-तीन दिवस ठेवा आणि अधूनमधून टोला द्या. जुन्या इंग्लिश मशीनवर व्हिटवर्थचे आटे असतात. व्हिटवर्थ साहेबाने १८४१ ला हे माप ठरवलं, त्याचा आट्याचा कोन ५५ अंश आणि आपल्या मेट्रिकचा ६०. अर्ध्या इंची व्हिटवर्थला इंचात १२ आटे, म्हणजे आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.१ मिमीच्या वर, आणि एम १२ ची, म्हणजे १२ मिमीच्या मेट्रिक बोल्टची, पिच १.७५. व्हिटवर्थच्या नटात एम १२ घातला तर एखादा आटा जाईल, दुसरा जड जाईल, तिसऱ्याला पान्याने दाबलं की दोन्ही गेले. जुन्या हार्डवेअर दुकानात नुसतं 'अर्धा इंची' म्हटलं तरी बरोबर देतात.

दात्यांचं गणित

चाकाचे दाते मोजा, एका दात्याला खडू लावून सुरुवात करा म्हणजे चुकणार नाही. मग बाहेरचा व्यास मोजा. व्यास भागिले (दाते अधिक दोन), हे झालं मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप. दोन्ही चाकांचं मॉड्यूल एकच आलं पाहिजे. समजा लहान चाकाला ४० दाते आणि व्यास १७७.८ मिमी, म्हणजे ४२ ने भागून ४.२३३ येतं. हा विचित्र आकडा बघून घाबरू नका, जुना माल इंचात असतो, २५.४ ला ४.२३३ ने भागलं की ६ येतात, म्हणजे हे ६ डीपीचं (डायमेट्रल पिच, दात्याचं इंची माप) चाक आहे, सात इंच व्यासाचं. मोठ्याला ८० दाते असतील तर व्यास सुमारे ३४७ मिमी. दोघांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे दात्यांची बेरीज गुणिले मॉड्यूल भागिले दोन, १२० गुणिले ४.२३३ भागिले २, आले २५४ मिमी, बरोब्बर दहा इंच. इंग्लिश कारागिराने डोक्यात सरळ आकडा ठेवूनच आखलेलं असतं, आपल्याला मेट्रिकमध्ये वाकडं दिसतं एवढंच.

तुमच्या चाकांचे आकडे वेगळे येतील, गणित हेच.

वजनाचाही अंदाज घ्या. ३४७ मिमीचं चाक, ४० मिमी जाड, भरीव असेल तर २७ किलोच्या आसपास जातं, आरे असतील तर बरंच कमी. बीड म्हणजे दर घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम, तेवढं धरून कुठलाही पार्ट काढता येतो. ९०० बाय ६०० ची १२ मिमी टफन्ड काच १६ किलो. सगळं मिळून टीपॉय सहज साठ-सत्तर किलोवर जातो, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आत्ताच विचार करा. म्हणूनच मी पूर्ण वेल्डिंगच्या विरोधात आहे, सगळं नट-बोल्टवर ठेवा, सुटं करून वर न्या आणि घरात जोडा.

सांगाडा

वेल्डिंग नको म्हणायचं दुसरं कारण दिसण्याचं. व्हिक्टोरियन लोखंड रिव्हेटने जोडलेलं असायचं, १८८९ च्या आयफेल टॉवरमध्ये पंचवीस लाख रिव्हेट आहेत. वेल्डिंगचा मणका दिसला की डोळ्याला लगेच कळतं की हे काल-परवाचं आहे. गरम रिव्हेट घरी जमणार नाहीत, पण गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट काळे करून लावले की काम होतं, नट आतल्या बाजूला घ्या. त्यांची डोक्याखालची चौकोनी मान बसायला अँगलला भोक कानशीने चौकोनी करून घ्यावं लागतं, वेळखाऊ आहे पण मग पाना दोन्हीकडून धरावा लागत नाही.

पाय आणि चौकट ४० बाय ४० बाय ५ मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) अँगलची. उंची साधारण ४५० मिमी. वरून काच, काचेच्या खाली १२० मिमीवर लाकडी फळी, चाकं या दोघांच्या मध्ये. फळीसाठी जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनं, ३० मिमी जाड, आणि त्यातले जुने खिळे आधी चुंबकाने शोधून उपटा, नाहीतर रंधा मारणारा सुतार तुम्हाला शिव्या घालेल.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, पण ते रुंदीत, लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. म्हणून दोन्ही चाकांची केंद्रं फळीच्या लांबीच्या रेषेतच, एकाच फळीवर घ्यायची. आडवी घेतली, तीही दोन वेगळ्या फळ्यांवर, तर मे महिन्यात मस्त फिरणारी चाकं जुलैत सैल पडून खडखडणार आणि मधे कधीतरी जाम होणार.

बेअरिंग आणि शाफ्ट

शाफ्टसाठी २० मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची गोल सळई), दोन तुकडे, आणि यूसीएफ २०४ नावाची चौकोनी फ्लँजवाली बेअरिंग, चार नग. दोन शाफ्टला चार कशाला असं विचाराल. ही बेअरिंग आतून गोलाकार बसवलेली असते, स्वतःला सरळ करून घेते, कारखान्यात तो तिचा गुण आहे पण आपल्या उभ्या शाफ्टला तोच अवगुण ठरतो, एकाच बेअरिंगवर शाफ्ट उभा केला तर वरचं चाक दारुड्यासारखं डुलायला लागतं. म्हणून फळीच्या वर एक आणि बरोबर खाली एक, मधे फळी. दोघींच्या फ्लँजची भोकं सारखीच असतात, त्यामुळे चार एम १० बोल्ट वरून खाली आरपार घातले की दोन्ही एकदम आवळल्या जातात. मधून जाणाऱ्या प्रत्येक शाफ्टसाठी फळीला २५ मिमीचं भोक.

मागाच्या चाकाचं भोक २० मिमीपेक्षा बरंच मोठं असतं, त्यामुळे लेथवाल्याकडून बुश, म्हणजे मधे बसणारी नळकांडी, करून घ्या. बाहेरचा व्यास चाकाच्या भोकात हलक्या टोल्याने बसेल असा, आतून २० मिमी, आणि खालच्या बाजूला एक छोटी कड ठेवायला सांगा, ती फक्त बेअरिंगच्या आतल्या रिंगवर टेकली पाहिजे, कारण चाकाबरोबर तीच फिरते. कड मोठी होऊन बाहेरच्या बॉडीला घासली तर चाक जड जाणार आणि कर्र आवाज येणार. बुश शाफ्टला धरायला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आत बुडणारा स्क्रू). चाक आणि बुशमध्ये जुना चावीचा खाचा असेल तर तिथे चावीच घाला, दिसतेही छान.

बिडाला भोक पाडताना तेल घालायचं नाही, कोरडंच, चुरा काळ्या भुकटीसारखा पडतो, तो फुंकू नका, डोळ्यात जातो, ब्रशने झाडा आणि गॉगल असू द्या. बिडाला वेल्डिंग करून घ्यायचा मोह टाळा, निकेलची कांडी आणि आधी नीट तापवणं जमणारा माणूस नसेल तर शेजारीच नवा तडा जातो. भोक पाडून आटे पाडा, बोल्ट लावा.

आता मांडणी. लहान चाकाचं केंद्र चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून १३० मिमी आत. तिथून लांबीच्या रेषेत २५४ मिमीवर मोठ्याचं. लहान चाकाचा शाफ्ट खालच्या बेअरिंगच्याही खाली ५० मिमी जास्त ठेवा, त्यावर ३०० मिमी व्यासाचं व्हॉल्व्हचं बिडाचं हँडव्हील उलटं बसवायचं. त्याची त्रिज्या १५० आणि केंद्र १३० वर, म्हणजे त्याची कड टेबलाबाहेर २० मिमी डोकावते, बसल्या बसल्या बोटाने ढकलता येतं. दाते वर, काचेखाली, वरून हात घालायला जागा नाही. घरात लहान मुलं असतील तर काच आणि फळीच्या मधल्या मोकळ्या बाजूंना बारीक भोकांचा पितळी किंवा एमएस जाळीचा पत्रा बोल्टने लावाच, चालणाऱ्या दात्यांत बोट सापडणं म्हणजे चेष्टा नाही. जाळीमुळे शोभा पण वाढते, बॉयलर रूमसारखं दिसतं.

लहान चाकाची बेअरिंग आधी कायमची आवळा. मोठ्याच्या बोल्टसाठी फळीला १४ मिमीची भोकं पाडा म्हणजे इकडेतिकडे सरकवता येईल, मोठे वायसर लावा. मग साध्या कागदाची पट्टी दुहेरी करून दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये घाला, मोठं चाक लहानावर दाबून बसवा, बोल्ट आवळा आणि चाक फिरवून कागद बाहेर काढा. कागदावर दात्यांचे ठसे सगळीकडे सारखे उठले पाहिजेत, एका जागी फाटला आणि दुसऱ्या जागी ठसाच नाही असं झालं तर शाफ्ट तिरका आहे किंवा बुश केंद्रात नाही. कागदाच्या जाडीएवढी फट कायम राहते आणि चाकं मोकळी फिरतात. पूर्ण फेरा फिरवून बघा, जुन्या चाकाचा एखादा दाता झिजलेला किंवा ठोकर लागलेला असतो, तिथे कानस मारा.

फिनिश

रंग शक्यतो लावू नका. बीड काळसर, सागवान तपकिरी, आणि पितळ अगदी चवीपुरतं, हँडव्हीलचा नट, एखादी पट्टी, बास. सगळं सोनेरी केलं की लग्नाच्या मंडपासारखं दिसतं. रंग हवाच असेल तर बाटली हिरवा किंवा मरून, जुन्या इंजिनांवर असायचा तो.

बिडाला मेण आणि टर्पेंटाइनचं मिश्रण कोमट करून चोळा आणि फडक्याने पॉलिश करा. टर्पेंटाइन पेटतं, त्यामुळे मेण गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, गॅसपासून लांब नेऊन मगच टर्पेंटाइन मिसळा. पुणे, सातारा, नगर साइडला एवढं पुरतं. मुंबई, कोकण, गोव्यात नाही पुरत, खारी हवा मेणाच्या खालून गंज काढते, तिथे मॅट क्लिअर लॅकरचे दोन हात द्या. दात्यांना मात्र लॅकर नको, घासून निघतो आणि पापुद्रे पडतात, तिथे थोडं ग्राफाइटचं ग्रीस.

लाकडाला उकळलेलं अळशीचं तेल सुंदर बसतं. पण तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, ते वाळताना स्वतःच तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. एकेक उघडं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

काच शेवटी मागवा, चौकट पूर्ण झाल्यावर मोजून. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, दोन मिमी जास्त आली तर गेली. कडा पॉलिश करून मागा, आणि काच लोखंडावर थेट टेकवू नका, कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर पारदर्शक रबरी बटणं लावा.

उरलेल्या मालाचं

माग उचललात तर धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे शटल) पण मिळतील, गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. ते भिंतीवर आडवे लावले तर कपड्यांना हुक म्हणून छान, ड्रॉवरला मुठी म्हणूनही चालतात. चामड्याचे जुने पट्टे खराब झालेले असतात, त्याऐवजी कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडून तसलंच जाड चामडं पट्टीत कापून घ्या आणि पितळी बक्कल लावा, ड्रॉवरच्या ओढणीला एकदम फिट.

अर्ध्या इंची जीआय पाईप, एल्बो, एक गेट व्हॉल्व्ह आणि जुना प्रेशर गेज असा टेबललॅम्प सगळेच करतात, करा, पण वायरिंग नीट करा. कापलेल्या पाईपची आतली कड ब्लेडसारखी असते, गोल कानशीने मोडा आणि तोंडाला रबरी ग्रॉमेट लावा. बॉडी लोखंडी आहे म्हणजे तीन पिनी प्लगच पाहिजे आणि हिरवी अर्थिंगची वायर पाईपला स्क्रूने, रंग खरवडून, उघड्या धातूवर जोडलेली पाहिजे. बल्ब एलईडी फिलामेंटचा २२०० ते २७०० केल्विनचा घ्या, पिवळसर दिसतो आणि फारसा तापत नाही. आणि व्हॉल्व्ह तिथे शोभेला नको, त्याच्या दांड्याला आत रोटरी स्विच जोडा, हँडल फिरवलं की दिवा लागला पाहिजे.

टीपॉयच्या पायांना खाली नायलॉनचे बूट लावा नाहीतर फरशीवर चरे पडतील. दर पावसाळ्यानंतर एकदा ग्रब स्क्रू आवळून बघा, ते हळूहळू सैल होतात, आणि हँडव्हील कुरकुरायला लागलं तर आधी बेअरिंगला दोष देऊ नका, वरची जाळी कुठे दात्याला टेकत असेल, ती बघा.